क्षेत्रफळ सापडले, म्हणजे काय झाले?

बारावीला समाकलन, म्हणजे मुलांच्या तोंडचे इंटिग्रेशन, ठरलेल्या क्रमाने शिकवले जाते. आधी अवकलनाची उलट क्रिया आणि तिची सूत्रे. मग सबस्टिट्यूशन, बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन या युक्त्या. त्यानंतर खालची आणि वरची मर्यादा घालून निश्चित समाकलन. आणि सगळ्यात शेवटी, परीक्षा तोंडावर आलेली असताना, वक्राखालचे क्षेत्रफळ. हाच विद्यार्थी पुढे संख्याशास्त्रात नॉर्मल वितरणाच्या घंटाकृती वक्रापाशी पोहोचतो. मध्यापासून एका प्रमाण विचलनापर्यंत त्या वक्राखाली ०.३४१३ इतके क्षेत्रफळ आहे, असे पुस्तकाच्या मागचा तक्ता त्याला सांगतो. तो आकडा तिथे कसा आला, हे वर्गात सहसा विचारले जात नाही. विचारले तर पंचाईत होईल, कारण वर्षभर घोटलेल्या सूत्रांतले एकही सूत्र तो आकडा देत नाही. कितीही युक्त्या लढवा, त्या वक्राचे समाकलन ओळखीच्या फलनांत लिहून होत नाही.

एका तासाला सांगायचे की समाकलन ही सूत्र शोधण्याची कला आहे, आणि दुसऱ्या तासाला, जिथे समाकलन प्रत्यक्ष कामाला येते तिथे, सूत्राचा पत्ताच नाही. ही फट बुजवायची तर क्वाड्रेचर नावाची जुनी कल्पना नीट समजून घ्यावी लागते. गणिताच्या इतिहासात तिची वासलात बहुधा एका ओळीत लागते: न्यूटन आणि लायब्निट्स येईपर्यंत लोक एकेका आकृतीचे क्षेत्रफळ कष्टाने काढत, मग कॅल्क्युलस आला आणि ते कष्ट संपले. मला हे चित्र उलटे वाटते. क्वाड्रेचर हा मूळ प्रश्न आहे, आणि अवकलन उलटे फिरवणे हा तो सोडवण्याच्या अनेक वाटांपैकी एक वाट. शिवाय 'क्षेत्रफळ किती' एवढ्यावर तो प्रश्न थांबत नाही. कोणत्या रूपातले उत्तर हाती आले म्हणजे क्षेत्रफळ सापडले असे मानायचे, हे त्यात विचारलेले असते. गेल्या अडीच हजार वर्षांत हे रूप अनेकदा बदलले. प्रश्न तसाच राहिला.

ग्रीक भूमितीत उत्तराचे रूप चौरस हे होते. दिलेल्या आकृतीइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस पट्टी आणि कंपासने काढून दाखवणे म्हणजे क्वाड्रेचर. युक्लिडच्या 'एलिमेंट्स'च्या दुसऱ्या खंडातला चौदावा, शेवटचा सिद्धान्त सरळ रेषांनी बांधलेल्या कोणत्याही आकृतीसाठी हे काम पुरे करतो. आकृतीचे त्रिकोण पाडा, सगळ्यांचा मिळून एक आयत करा, आयताच्या दोन बाजू एका रेषेत जोडून त्या रेषेवर अर्धवर्तुळ काढा; जोडावर उभारलेला लंब अर्धवर्तुळाला भेटतो तेवढी चौरसाची बाजू. यात कुठेही आकडा येत नाही. मग चौरसच का? कारण दोन चौरसांतला लहानमोठेपणा एका बाजूवरून कळतो, आणि पायथागोरसच्या सिद्धान्ताने दोन चौरसांचा मिळून एक चौरस करता येतो. ज्या रूपात तुलना आणि बेरीज सोपी होते, ते रूप माहितीतले मानायचे, असा हा करार होता.

आपल्याकडे हाच करार शुल्बसूत्रांत दिसतो. तिथे त्याच्यामागे यज्ञवेदीची गरज आहे: वेदीचा आकार बदलला तरी क्षेत्रफळ ठरलेलेच राहिले पाहिजे. बौधायन आयताचा चौरस करण्याची अचूक रीत देतो. वर्तुळाचा चौरस करायची वेळ आली की तो व्यासाचे १५ भाग करायला सांगतो, त्यांतले २ टाकून उरलेल्या १३ भागांची बाजू घ्यायला सांगतो, आणि ही रीत स्थूल आहे हेही नोंदवतो. आजच्या हिशेबाने यात पाय या संख्येची किंमत ३.००४ धरली गेली. किमतीपेक्षा ती नोंद मला मोलाची वाटते. कोणते उत्तर पक्के आणि कोणते कामचलाऊ, हे सांगण्याची जबाबदारी उत्तर देणाऱ्यावर आहे, हे भान तिच्यात आहे.

वक्र रेषा आली की काम अडते, पण प्रत्येक वेळी नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात किऑसच्या हिपोक्रेटिसने काही चंद्रकोरींचे अचूक चौरसीकरण करून दाखवले. वर्तुळाचा चतुर्थांश घ्या आणि त्याच्या जीवेवर, बाहेरच्या अंगाला, अर्धवर्तुळ काढा. या अर्धवर्तुळाचा जो कोरीसारखा भाग चतुर्थांशाच्या बाहेर उरतो, तो दोन त्रिज्या आणि जीवा यांच्या त्रिकोणाइतकाच भरतो. दोन्ही अंगांनी वक्र असलेली आकृती सरळ रेषांच्या आकृतीशी तंतोतंत जुळली. कोर जमली तर वर्तुळही जमेल, असे वाटणे साहजिक होते. ते जमले नाही, आणि का जमत नाही हे कळायला १८८२ साल उजाडावे लागले.

आर्किमिडीजने या प्रश्नाला दोन वेगळ्या दिशांनी पुढे नेले. पॅराबोलाला एका रेषेने छेदल्यावर जो तुकडा मिळतो, त्याचे क्षेत्रफळ त्याच पायाच्या आणि त्याच उंचीच्या त्रिकोणाच्या चार तृतीयांश असते, हे त्याने दोसिथिअसला पाठवलेल्या ग्रंथात सिद्ध केले. तुकड्यात त्रिकोण बसवल्यावर दोन फटी उरतात; त्यांत पुन्हा त्रिकोण, मग उरलेल्या चार फटींत पुन्हा. दर टप्प्याला पडणारी भर आधीच्या भरीच्या एक चतुर्थांश असते. आज आपण १ + १/४ + १/१६ अशी अनंत श्रेणी लिहून ४/३ म्हणून मोकळे होतो. आर्किमिडीज अनंत बेरजेचा आधार घेत नाही. क्षेत्रफळ याहून जास्त मानले तरी विसंगती येते, कमी मानले तरी येते, म्हणून ते एवढेच, अशी दुहेरी कोंडी तो करतो.

हे ४/३ त्याला आधी सुचले कुठून, हा प्रश्न कित्येक शतके अनुत्तरित होता. १९०६ मध्ये डॅनिश भाषापंडित हायबर्ग यांना कॉन्स्टँटिनोपलमध्ये एका प्रार्थनापोथीत, खरवडून काढलेल्या मजकुराच्या खुणांत, आर्किमिडीजचा 'पद्धत' हा ग्रंथ सापडला. एराटोस्थेनिसला उद्देशून लिहिलेल्या या ग्रंथात तो आपली रीत उघड करतो. त्याने आकृतीच्या एकेक रेषा काल्पनिक तराजूच्या दांडीवर टांगून दुसऱ्या आकृतीच्या रेषांशी तोलल्या होत्या. उत्तर त्या तोलण्यातून मिळाले, पण तेवढ्याने सिद्धता होत नाही असे त्यानेच बजावले आहे. उत्तर हाती असणे वेगळे आणि त्या उत्तराची हमी असणे वेगळे. क्वाड्रेचर पुरे व्हायला दोन्ही लागतात, आणि दोन्ही एकाच वाटेने यावीत असे बंधन नाही.

वर्तुळाच्या बाबतीत त्याने आणखी मोठे पाऊल उचलले. वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती धरून त्याने दाखवले की परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर ३ पूर्णांक १०/७१ पेक्षा जास्त आणि ३ पूर्णांक १/७ पेक्षा कमी आहे. इथे चौरस नाही आणि एक नेमकी संख्याही नाही. दोन संख्या आहेत आणि खरे उत्तर त्यांच्या मध्येच आहे याची सिद्धता आहे. चौरसाचा करार मोडून आर्किमिडीजने नवा करार केला: उत्तर दोन मर्यादांत कोंडता आले, आणि हवे तर त्या मर्यादा आणखी जवळ आणता आल्या, तर ते सापडले. शाळेत पायसाठी २२/७ वापरताना आपण यातली फक्त वरची मर्यादा उचलतो आणि खालची विसरतो. 'जास्तीत जास्त इतके' या विधानाचे 'इतकेच' होते ते इथे.

क्षेत्रफळ हे नेहमी जमिनीचेच असते असेही नाही. इसवी सनापूर्वी ३५० ते ५० या काळातल्या बाबिलोनी मातीच्या पाट्यांचे वाचन मॅथ्यू ओसेनड्रायव्हर यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत गुरू ग्रहाची रोजची गती ६० दिवसांत १२ कलांवरून साडेनऊ कलांवर येते, आणि त्या काळात त्याने कापलेले अंतर समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळाच्या रीतीने काढलेले आहे: दोन गतींची सरासरी गुणिले ६०, म्हणजे १० अंश ४५ कला. एक बाजू काळाची, दुसरी गतीची आणि क्षेत्रफळ अंतराचे. बदलत्या राशीची साठत गेलेली बेरीज म्हणजे क्षेत्रफळ, हा क्वाड्रेचरचा व्यापक अर्थ इथे कागदावर नाही, पण मातीवर उमटलेला आहे.

अशा बेरजेचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण भास्कराचार्यांचे आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, म्हणून महाराष्ट्रात त्यांचा अभिमान बाळगला जातो. पण त्यांचा नेमका हिशेब उघडून पाहणारे थोडे. ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त गोलाच्या पृष्ठफळाचा विचार करताना ते ९६ हात परिघाचा गोल घेतात आणि आवळ्यावर दिसणाऱ्या उभ्या रेषांप्रमाणे त्याच्या पृष्ठाच्या ९६ फाका पाडतात. एका फाकेला ते वप्रक म्हणतात. वप्रक टोकाला निमुळते आणि मध्यावर एक हात रुंद. कुठल्या उंचीवर किती रुंद, हे ज्यांच्या, म्हणजे आजच्या साइनच्या, तक्त्यावरून कळते. तक्त्यात चतुर्थांशाच्या २४ ज्या. नियम असा: सगळ्या ज्या मिळवा, त्यांतून त्रिज्येचा अर्धा भाग वजा करा आणि त्रिज्येच्या अर्ध्याने भागा.

ही अर्धी त्रिज्या का वजा करायची? शेवटची ज्या त्रिज्येइतकी असते, आणि समलंब पट्ट्यांच्या बेरजेत दोन्ही टोकांच्या रुंदी अर्ध्याच मोजायच्या असतात. पहिले टोक शून्य, म्हणून वजाबाकी फक्त शेवटच्या टोकाची. आज अभियांत्रिकीची मुले ज्याला ट्रॅपेझॉइडल रूल म्हणतात, तो हाच. भास्कराचार्यांना उत्तर मिळते ३० हात आणि ३३ षष्ट्यंश, आणि ९६ परिघाच्या गोलाचा व्यासही त्यांच्या मोजणीत तेवढाच. म्हणून एका वप्रकाचे फळ व्यासाइतके, आणि ९६ वप्रकांचे मिळून परीघ गुणिले व्यास. गोलाच्या पृष्ठफळाचा हा नियम अचूक आहे. आज तोच हिशेब अधिक स्थानांपर्यंत केला तर पट्ट्यांची बेरीज ३०.५४७ येते आणि व्यास ३०.५५८. दोन्हींतली तफावत इतकी बारीक की षष्ट्यंशांच्या गणतीत ती दिसत नाही.

यावरून दोन टोकांचे निष्कर्ष काढले जातात. एक, कॅल्क्युलस भास्कराचार्यांनीच शोधला; दुसरा, हे नुसते अंदाजाचे गणित होते. दोन्ही चुकीच्या मापाने मोजतात. भास्कराचार्यांनी केले ते क्वाड्रेचर: गोलाचे वक्र पृष्ठ त्यांनी ज्यांच्या माहीत असलेल्या तक्त्यात आणून बसवले. राहिले ते पट्ट्यांची बेरीज आणि खरे पृष्ठफळ यांतल्या तफावतीचे गणित. ते गणित पुढे केरळात माधवाच्या परंपरेने मांडले. पायच्या चतुर्थांशासाठी १ − १/३ + १/५ − १/७ ही माधवाची श्रेणी फार हळू सरकते: दहा पदे घेऊन चारने गुणले तर ३.०४१८ येते, म्हणजे दुसऱ्याच आकड्यापाशी चूक. पण त्या परंपरेत जिथे थांबाल तिथे जोडायची दुरुस्तीही दिलेली आहे. तिच्या एका रूपाप्रमाणे दहा पदांनंतर श्रेणीत १०/४०१ मिळवायचे. मग चारने गुणून ३.१४१५९ मिळते. न मोजलेला भाग किती आहे याचाही हिशेब उत्तराचा भाग झाला. क्वाड्रेचरच्या इतिहासात हा क्षण न्यूटनच्या सिद्धान्ताच्या तोडीचा आहे, असे मी म्हणेन.

सतराव्या शतकात युरोपात वक्रांची नवी रांग लागली होती. काव्हालिएरी, फर्मा, तोरिचेल्ली, रोबेर्व्हाल, वॉलिस हे सगळे एकेका वक्राशी झुंजत होते. त्यांत हायपरबोला हट्टी निघाला. फर्माच्या युक्तीने घातांकांच्या इतर वक्रांची क्षेत्रफळे मिळाली, हायपरबोलाची मिळेना. १६४७ मध्ये सेंट व्हिन्सेंटचा ग्रेगरी याने त्या वक्राखालच्या क्षेत्रफळाचा एक गुण दाखवला: आडव्या अक्षावरची अंतरे गुणाकाराने वाढली तर क्षेत्रफळ बेरजेने वाढते. दोनच वर्षांनी द सारासा याच्या लक्षात आले की हे तर लॉगरिदमचे वागणे आहे. नेपिअरने १६१४ साली आकडेमोड सोपी करायला दिलेले लॉगरिदम आणि हायपरबोलाचे न सुटणारे क्षेत्रफळ ही एकच गोष्ट निघाली.

इथे उत्तराचे रूप पुन्हा बदलले, आणि तेही मजेशीर रीतीने. हायपरबोलाचे क्षेत्रफळ जुन्या कोणत्याही फलनात बसत नव्हते. मग त्या क्षेत्रफळालाच नाव देऊन त्याचे तक्ते केले आणि त्याला माहीत असलेल्यांच्या यादीत घेतले. आजचा विद्यार्थी १/क्ष चे समाकलन 'लॉग क्ष' असे लिहितो तेव्हा आपण प्रश्न सोडवला असे त्याला वाटते. खरे पाहता त्याने प्रश्नाचे नाव लिहिलेले असते. लॉग २ म्हणजे किती, हे सांगायला कोणाला तरी कधीतरी पट्ट्या मोजाव्याच लागल्या.

न्यूटन आणि लायब्निट्स यांच्या कामगिरीचे मोल यात कमी होत नाही. क्षेत्रफळ वाढण्याचा वेग म्हणजे वक्राची त्या ठिकाणची उंची, म्हणून उंचीवरून क्षेत्रफळाकडे जायचे तर अवकलन उलटे फिरवायचे: या एका पुलाने शेकडो सुट्या युक्त्यांची जागा घेतली. लायब्निट्सने १६७५ मध्ये बेरजेच्या खुणेसाठी लांबट 'एस' वापरायला सुरुवात केली; न्यूटनचा वक्रांच्या क्वाड्रेचरवरचा प्रबंध १७०४ मध्ये 'ऑप्टिक्स'ला जोडून छापला गेला. पण न्यूटनकडे पाहताना एक गोष्ट विसरू नये. सुटसुटीत सूत्र मिळाले नाही तर तो अडून बसत नाही. फलनाची अनंत श्रेणी करायची, एकेका पदाचे समाकलन करायचे, हव्या तितक्या स्थानांपर्यंत बेरीज करायची, आणि याला तो उत्तरच मानतो. सूत्र मिळाले तरच समाकलन झाले, हा संकोच त्याने केलेला नाही. तो पाठ्यपुस्तकांनी आणि प्रश्नपत्रिकांनी केला, कारण सूत्र तपासायला सोपे असते.

एकोणिसाव्या शतकात तर भूमिकाच उलटली. यामिकीत एखाद्या समीकरणाबद्दल 'ते क्वाड्रेचरने सुटते' असे म्हणतात, तेव्हा अर्थ असा असतो की प्रश्न साध्या समाकलनांपर्यंत आणून सोडला आहे. ती समाकलने सूत्रात लिहिता येतात की नाही, याची तिथे अट नाही. मोठ्या झोक्याने हलणाऱ्या लंबकाचा आवर्तकाल असा एका समाकलनावर येऊन थांबतो, ते समाकलन ओळखीच्या फलनांत बसत नाही, आणि तरी लंबकाचा प्रश्न सुटला असे सगळे मानतात. ग्रीकांसाठी क्वाड्रेचर हे गाठायचे ठिकाण होते आणि चौरस हे माहीत असलेले माप. आता क्वाड्रेचर हेच माप झाले. कोणताही प्रश्न तिथपर्यंत आणला की पुढचा रस्ता ठाऊक आहे, हा विश्वास मधल्या दोन हजार वर्षांच्या मोजणीने कमावलेला होता.

त्याच शतकात दोन नकार सिद्ध झाले. १८३० च्या दशकात लिऊव्हिलने दाखवले की काही समाकलने प्राथमिक फलनांत लिहिणे मुळातच अशक्य आहे. घंटाकृती वक्र याच जातीचा. १८८२ मध्ये लिंडेमानने पाय ही संख्या बीजातीत असल्याचे सिद्ध केले आणि पट्टी-कंपासने वर्तुळाचा चौरस करण्याचा मार्ग कायमचा बंद झाला. पॅरिसच्या अकादमीने वर्तुळ चौरस केल्याचे दावे तपासणे १७७५ सालीच थांबवले होते. तरी १८९७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या प्रतिनिधिगृहाने अशाच एका दाव्यावर आधारलेले विधेयक मंजूर केले आणि सिनेटने ते बाजूला सारले म्हणून निभावले. हे दोन्ही नकार एकाच घडणीचे आहेत. वर्तुळाला क्षेत्रफळ नाही किंवा ते कळत नाही, असे लिंडेमान म्हणत नाही. अमुक साधनांनी ते मांडता येणार नाही, एवढेच तो म्हणतो. लिऊव्हिलचेही तेच. घंटाकृती वक्राखालचे क्षेत्रफळ हव्या तितक्या स्थानांपर्यंत काढता येते. वर्तुळाच्या बाबतीत हा भेद आपण शाळेतच पचवला: पट्टी-कंपासने चौरस होत नाही म्हणून वर्तुळाचे क्षेत्रफळ 'काढता येत नाही' असे कोणी म्हणत नाही. सूत्राच्या बाबतीत मात्र वर्गात अजून 'हे इंटिग्रेट होत नाही' असेच म्हटले जाते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. सूत्र अचूक असते, संख्यात्मक उत्तर अदमासे. मग दोन्हींना एका पंक्तीत कसे बसवायचे? आधी अचूकपणाचा मुद्दा घेऊ. शून्य ते एकच्या दरम्यान 'क्ष चा अमुक घात गुणिले ई चा (क्ष वजा १) इतका घात' या फलनाचे समाकलन काढायचे आहे. बाय पार्ट्सने एक निर्दोष सूत्र मिळते: पुढचे उत्तर म्हणजे १ वजा (घात गुणिले मागचे उत्तर). पहिल्या घाताचे उत्तर १/ई, म्हणजे सहा स्थानांपर्यंत ०.३६७८७९. इथून सूत्राप्रमाणे एकेक पायरी चढत नवव्या घाताला पोहोचलो तर उत्तर येते उणे ०.०६८. फलन सगळीकडे धन आणि क्षेत्रफळ उणे! सूत्रात काही खोट नाही. सुरुवातीला सातव्या स्थानापाशी सोडून दिलेली क्षुल्लक चूक दर पायरीला २, ३, ४ असे करत ९ पर्यंत गुणली गेली, म्हणजे साडेतीन लाखांपटीहून मोठी झाली. खरे उत्तर ०.०९१६ आहे. तेच काम वीस समलंब पट्ट्या पाडून केले तर ०.०९४ च्या आसपास येते. अचूक सूत्राने खुळचट उत्तर दिले आणि अदमासे रीतीने शहाणे.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र मान्य करावाच लागतो. सूत्र एका आकड्यापेक्षा जास्त सांगते. आर्किमिडीजचे ४/३ प्रत्येक पॅराबोलाला आणि प्रत्येक छेदाला लागू आहे; पट्ट्या मोजून मिळालेला आकडा एकाच तुकड्यापुरता. शिवाय पट्ट्या फसवू शकतात. शून्य ते एकच्या दरम्यान सारख्या अंतरावर ११ बिंदू घ्या, आणि त्या प्रत्येक बिंदूवर शून्याला टेकणारा, मध्ये दर वेळी उसळून वर जाणारा ज्या-वर्गाचा वक्र घ्या. समलंब रीत म्हणेल क्षेत्रफळ शून्य. ते असते बरोबर अर्धे. मोजक्या ठिकाणी पाहून सगळ्या वक्राबद्दल बोलायचे तर तो वक्र मधल्या जागेत किती उसळू शकतो, याची काहीतरी माहिती हवी. ही माहिती सिद्धान्तातून येते, आकडेमोडीतून येत नाही. आर्किमिडीजच्या बहुभुजाकृती वर्तुळाला दोन्हीकडून कोंडतात, कारण वर्तुळ सगळीकडे एकाच बाजूला वळते. म्हणून सूत्र विरुद्ध आकडेमोड हा झगडाच फोल आहे. हमी आणि विनाहमी हा खरा भेद आहे. सूत्रालाही हमी लागते, आकड्यालाही.

ही हमी विचारपूर्वक मिळवली तर किती थोडक्यात काम होते, हे गाउसने १८१४ मध्ये दाखवले. बिंदू सारख्या अंतरावर घ्यायचा हट्ट सोडला आणि त्यांच्या जागा नीट निवडल्या, तर दोनच बिंदूंत तिसऱ्या घातापर्यंतच्या प्रत्येक बहुपदीचे समाकलन तंतोतंत मिळते. सुरुवातीच्या घंटाकृती वक्रावर ते पाहू. शून्य ते एकसाठी सिम्प्सनच्या नियमाने तीन ठिकाणच्या उंची घेतल्या की ०.३४१५ मिळते, गाउसच्या दोन बिंदूंवरून ०.३४१२. तक्त्यातला आकडा ०.३४१३. ज्या उत्तराला सूत्र नाही म्हणून आपण हात टेकले होते, ते दोन ठिकाणी डोकावून चौथ्या स्थानाच्या फरकाने हाती आले.

चलांची संख्या वाढली की ही चैन संपते. दर दिशेला दहा बिंदू घेतले तर दहा चलांसाठी हजार कोटी बिंदू लागतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस अलामॉसमध्ये उलाम आणि फॉन नॉयमन यांनी मग वेगळीच वाट काढली: बिंदू यदृच्छेने निवडायचे आणि सरासरी घ्यायची. मॉन्टे कार्लो नावाच्या या रीतीत एक दशांश स्थान वाढवायला शंभरपट बिंदू लागतात, पण दिशा दहा असोत की हजार, हा दर तोच राहतो. इथे हमीची भाषाही बदलली. उत्तर या दोन मर्यादांच्या मध्ये नक्की आहे, याऐवजी ते इतक्या संभाव्यतेने आहे, असे म्हणावे लागते. आर्किमिडीजला हे पचले असते की नाही सांगता येत नाही. पण चूक किती असू शकते हे उत्तरासोबतच सांगायचे, ही त्याचीच शिस्त इथे चालू आहे.

मग क्वाड्रेचरचा अर्थ काय उरतो? तीन गोष्टींचा करार. कोणते माप माहितीतले मानायचे, त्या मापापर्यंत कोणत्या वाटेने जायचे, आणि पोहोचल्यावर चूक किती राहिली असू शकते. चौरस, दोन मर्यादा, श्रेणी, नाव दिलेले फलन, संगणकाची आज्ञावली, ही सगळी या करारातल्या पहिल्या कलमाची वेगवेगळी रूपे. सुबक सूत्र मिळाले तर उत्तम. तीही या करारातली एक भाग्याची नोंद आहे. आजच्या गणकप्रणालींत समाकलन काढणाऱ्या आज्ञा आकड्यासोबत चूक किती असेल याचा अंदाजही छापतात, तेव्हा त्या या जुन्या कराराशी पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त इमान राखतात.

म्हणून अभ्यासक्रमाचा क्रम उलटा करावा, असे माझे म्हणणे आहे. सूत्रे काढून टाकू नयेत. पण त्यांच्या आधी पट्ट्या याव्यात. घंटाकृती वक्र शून्य ते एकमध्ये सतत उतरतो, एवढे लक्षात घेतले की दहा पट्ट्यांत प्रत्येकीची डावी उंची धरून वरची मर्यादा मिळते आणि उजवी धरून खालची. साध्या गणकयंत्रावर काही मिनिटांत कळते की क्षेत्रफळ ०.३३३ पेक्षा जास्त आणि ०.३४९ पेक्षा कमी आहे. तक्त्यातल्या ०.३४१३ मागे काय दडले आहे, ते बारावीच्या मुलाला इतक्यावरून समजते. मग पट्ट्या वाढवल्या तर मर्यादा किती जवळ येतील, हा पुढचा प्रश्न. आणि दर वेळी पट्ट्या न मोजता सुटका करणारा न्यूटन-लायब्निट्सचा पूल त्यानंतर. तेव्हा तो पूल सिद्धान्त म्हणून भेटेल. आज तो व्याख्येच्या वेषात येतो, आणि म्हणून त्याचे आश्चर्य कोणालाच वाटत नाही.

तसे झाले तर परीक्षेतला प्रश्नही बदलेल. 'समाकलन काढा' याऐवजी 'हे क्षेत्रफळ कोणत्या दोन संख्यांच्या मध्ये आहे, आणि कशावरून?' असे विचारता येईल. या प्रश्नातले 'कशावरून' हे गुण देण्याजोगे आहे. ज्या विद्यार्थ्याला त्याचे उत्तर देता येते, त्याला सूत्र आठवले नाही तरी समाकलन कळलेले आहे. ज्याला फक्त सूत्र येते, त्याला आपले उत्तर उणे आले तर त्यात काही बिघडले आहे, हेही कळेल याची खात्री नाही.